मोटारीच्या दारातले पाणी

पावसात मोटारीच्या काचेवरून ओघळणारे पाणी कुठे जाते? त्यातले बरेचसे दाराच्या पोटात उतरते! काचेलगतची रबरी पट्टी ते पूर्णपणे अडवीत नाही. खालच्या कडेला ठेवलेल्या बारीक भोकांतून ते बाहेर पडते.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची घरची पद्मिनी अजून धावते. तिच्या दारातून पाणी ठिबकते म्हणून मी, भौतिकीच्या प्राध्यापकाने, ती भोके लांबी भरून बुजवली. दोन पावसाळ्यांनंतर स्क्रूड्रायव्हरचे टोक पत्र्यातून आरपार गेले.

असे का झाले? घासून लख्ख केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. काही वेळाने त्यात गंजाचे कडे दिसेल, पण पत्रा झिजतो तो मध्यभागी! थेंबाच्या कडेला हवेतील ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी कमी. त्यामुळे मध्य धनाग्र, कड ऋणाग्र असा इवलासा विद्युत्घट बनतो. दारात साचलेल्या ओल्या चिखलाखालीही हेच घडते.

तेव्हा पावसाळ्यापूर्वी, मोठ्या माणसाच्या मदतीने, दाराचा आतला पुठ्ठा काढा. पत्र्याच्या कडा हात कापतात, जपून! भोके लाकडी काडीने मोकळी करा, दार पूर्ण वाळू द्या, गंज खरवडून रेड ऑक्साइड लावा. रंग वाळल्यावर तळाच्या सांध्यात पातळ तेल सोडा. केशाकर्षणाने ते फटीत शिरते. काच फिरवणाऱ्या दात्यांना थोडे ग्रीस लावा. पुठ्ठ्यामागचा प्लॅस्टिकचा कागद परत बसवा, नाहीतर पुठ्ठा भिजून फुगेल. मग काचेवर तांब्याभर पाणी ओता. ते खालून लगेच गळू लागले पाहिजे.