धीर आधी की काम आधी?

दीक्षितपुरा, जबलपूर

चि. बाळ,

नवी नोकरी, परके शहर, घरी आईचे आजारपण आणि रविवारी उपासनेला बसूनही मन थाऱ्यावर नाही, असे तू लिहिलेस. खरा प्रश्न मात्र शेवटच्या ओळीत आहे: विश्वास असून धीर वाटत नाही, तर माझा विश्वासच कच्चा का? माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते नुसते तुझी समजूत घालण्यासाठी दिलेले नाही. आधी मनाला धीर येईल, मग आपण कामाला लागू, असा क्रम आपण धरून बसतो. पवित्र शास्त्रात मात्र मला बहुधा उलटा क्रम दिसतो. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो ज्या त्या दिवसापुरता. शब्बाथाची बेगमी सोडली, तर उद्यासाठी राखून ठेवलेल्यात किडे पडले. तो वेचायलाही रोज सकाळी तंबूबाहेर पडावे लागे. धीराचेही तसेच आहे. तो वर्षभराचा भरून ठेवता येत नाही, आणि घरात बसून वाट पाहणाऱ्याच्या हाती सहसा लागत नाही.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या दृष्टीने पाहा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये पती. पदरात लहानगी मनोरमा. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आता मन शांत झाले असेल असे कुणालाही वाटेल. त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, धर्म स्वीकारला तरी खुद्द ख्रिस्त सापडून अंतःकरणाला स्वस्थता मिळायला पुढे सुमारे आठ वर्षे लागली. आता सन जुळवून बघ. मुंबईत शारदा सदन उघडले ते १८८९मध्ये, म्हणजे ती स्वस्थता येण्याच्या आधी. मन पुरते स्थिर नसतानाच विधवा मुलींच्या शिक्षणाचे काम सुरू झाले होते. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात आपला मध्यप्रांत होरपळला, तेव्हा त्या स्वतः इकडे आल्या आणि शेकडो अनाथ मुलींना घेऊन गेल्या. लहानपणी भोगलेली भूक त्यांना इकडे घेऊन आली, असे मी मानतो. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात त्या मुली विणकाम, शेती शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापले गेले. १९२१मध्ये मनोरमाही गेली. त्यानंतर वर्षाच्या आत, १९२२च्या एप्रिलमध्ये, रमाबाईंनी देह ठेवला, पण भाषांतर पुरे करूनच.

यावर तू म्हणशील, त्या पंडिता, आपण साधी माणसे. मग लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, आणि १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे घर त्या एका निर्णयाने दुभंगले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९००चा. मधली पाच वर्षे रडण्यात, भांडण्यात, विचार करण्यात गेली, आणि सोवळेओवळे एकेक पायरी करून सुटले. म्हणून विश्वासाला वेळ लागतो याची लाज वाटू देऊ नकोस. १९१९मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य जेमतेम सुरुवातीच्या अध्यायांपर्यंत आले होते. साठाहून अधिक अध्याय या बाईंनी रचले. आणि 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आपल्या ओढगस्तीची हकीकत अशी सांगितली की वाचणारा हसता हसता गप्प होतो.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: विश्वास नसलेली माणसेही संकटे सोसतातच की, मग श्रद्धा म्हणजे नुसती मनाची समजूत नव्हे का? सोसतात, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. धैर्याचा मक्ता ख्रिस्ती माणसाकडे नाही. पण नुसत्या समजुतीने माणूस डोळे मिटून स्वस्थ बसतो, रमाबाई मात्र दुष्काळी मुलखात निघाल्या. विश्वासाने त्यांना गप्प बसून सोसायलाही शिकवले नाही. वाँटेजच्या मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही धर्ममतांवर त्या वाद घालत राहिल्या. ख्रिस्ताच्या वधस्तंभाने मला पटते ते एवढेच, की दुःख आले म्हणजे देवाने टाकले असे ठरत नाही, कारण तो स्वतः त्या वाटेने गेला आहे. नोकरी टिकेल, आजार बरा होईल, असे वचन मी त्यातून काढत नाही. जो तसे वचन देतो, त्याच्यापासून जपून राहा. मनोरमा वाचली नाही, ही गोष्ट झाकून ठेवून केलेला उपदेश खोटा होईल.

तेव्हा आता असे कर. मोठ्या निश्चयांच्या फंदात पडू नकोस. सकाळी त्या दिवसापुरतेच मागणे माग आणि त्या दिवसाचे काम उचल. आईच्या औषधपाण्याचा भार एकटीने वाहू नकोस. भावंडांत वाटून घे, तिथल्या मंडळीच्या पाळकांना सांग. पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो तेव्हा त्यांनी पाठवलेल्या मदतीचे आभार मानतो. प्रेषिताला मदत घ्यायला कमीपणा वाटला नाही, तर तुला का वाटावा? झोप उडाली, जेवण तुटले, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही गाठ, त्यात अविश्वास नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी स्वतःपेक्षा अडचणीत असलेल्या कुणाचे तरी काम करून दे. धीर आला की नाही, हे रोज तपासत बसू नकोस.

तुझा,
मामा