तांबी बसवायची, पण ब्रुफेन चालत नाही

प्रश्न : मी रोह्याची. तांबी बसवायची आहे. पण ब्रुफेन, डायक्लोफिनॅकने अंगावर गांधी उठतात, दम लागतो. मग दुखणं सोसायचंच का?

उत्तर : मुळीच नाही, ताई. ही ॲलर्जी आधी केसपेपरवर लिहून घ्या. कॉम्बिफ्लॅममध्येही ब्रुफेनमधलंच आयबुप्रोफेन असतं, म्हणून तीही नको. बसवतानाच्या कळेवर ब्रुफेनचा तसाही फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा गर्भाशयमुखाशी दिलेली लिग्नोकेनची भूल कामाची. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनेही २०२४च्या सूचनांत ती उपयुक्त ठरू शकते असं म्हटलंय. रोह्यात किंवा पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात ती देतील का, हे तारीख घेतानाच विचारा. मागण्यात संकोच कसला? नंतरच्या पेटक्यांना गरम पाण्याची पिशवी आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. उपाशीपोटी जाऊ नका. ताप आला किंवा कळ वाढतच गेली, तर त्याच दिवशी दाखवा.