घटक ४ : उबुन्तु – माणूस, माणसे आणि माणूसपण

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणास :
• ‘उबुन्तु’ या शब्दाची घडण व अर्थ स्पष्ट करता येईल.
• ‘उबुन्तु’ आणि मराठीतील ‘माणुसकी’ यांतील साम्य व भेद सांगता येईल.
• उबुन्तुची कल्पना आणि ख्रिस्ती सामूहिक जीवनाची कल्पना दक्षिण आफ्रिकेत कशा एकत्र आल्या, हे विशद करता येईल.
• सत्य व सलोखा आयोगाच्या कार्याचे या दृष्टीने मूल्यमापन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एका भाषेतील शब्दासाठी दुसऱ्या भाषेत प्रतिशब्द सापडला की आपले काम संपले, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा खरे काम तेथेच सुरू होते. ‘उबुन्तु’ हा असाच एक शब्द आहे. दक्षिण आफ्रिकेतील झुलू, खोसा इत्यादी भाषांतला हा शब्द. मराठीत त्याला ‘माणुसकी’ हा प्रतिशब्द सहज सुचतो आणि तो चुकीचाही नाही. मात्र तो अपुरा आहे. हा अपुरेपणा नेमका कोठे आहे हे पाहिले, तर एका समाजाने माणसाविषयी केलेला निराळा विचार आपल्या हाती लागतो. वर्णभेदाच्या राजवटीतून बाहेर पडताना दक्षिण आफ्रिकेने याच विचाराचा आधार घेतला. तो आधार कोठवर पुरला आणि कोठे कमी पडला, हेही या घटकात पाहावयाचे आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ शब्दाची घडण

आफ्रिकेच्या मध्य, पूर्व व दक्षिण भागांत बोलल्या जाणाऱ्या शेकडो भाषा ‘बान्टू’ भाषासमूहात मोडतात. या भाषांतील नामे वर्गांत विभागलेली असतात आणि नामाच्या आरंभी येणाऱ्या उपसर्गावरून त्याचा वर्ग कळतो. मराठीत आपण प्रत्यय शेवटी जोडतो. तेथे हे काम शब्दाच्या आरंभी होते.

झुलू भाषेतील ‘-न्तु’ हा धातुरूप अंश घ्या. ‘उमुन्तु’ म्हणजे माणूस, ‘अबान्तु’ म्हणजे माणसे आणि ‘उबुन्तु’ म्हणजे माणूसपण. ‘उबु-’ हा उपसर्ग भाववाचक नामे घडवतो. ‘इन्कोसी’ म्हणजे राजा किंवा मुख्य, तर ‘उबुखोसी’ म्हणजे राजेपण. स्वाहिली भाषेत हीच मालिका ‘म्तु, वातु, उतु’ अशी, तर सोथो भाषेत ‘मोथो, बाथो, बोथो’ अशी आढळते. मराठीतील ‘माणूस, माणसे, माणुसकी’ ही मालिका तिच्या शेजारी ठेवून पाहा. रचनेचे तत्त्व जवळजवळ सारखेच आहे.

‘बान्टू’ हे समूहाचे नावही याच मूळ अंशापासून आले आहे. एकोणिसाव्या शतकात विल्हेल्म ब्लीक या भाषाभ्यासकाने ते रूढ केले. म्हणजे त्या नावाचा मूळ अर्थ केवळ ‘माणसे’ असा आहे. विसाव्या शतकात वर्णभेदी सरकारने हाच शब्द कृष्णवर्णीयांवर मारावयाचा सरकारी शिक्का म्हणून वापरला. १९५३ च्या ‘बान्टू शिक्षण कायद्या’ने कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळे आणि हेतुतः कनिष्ठ शिक्षण ठरवून दिले. ज्या शब्दाचा अर्थ ‘माणसे’, त्याच शब्दाने माणसांना माणसांच्या पंक्तीतून उठवले गेले. शब्दाचा इतिहास केवळ कोशात पाहून भागत नाही, तो का, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल.

४.२.२ उबुन्तु आणि माणुसकी

झुलू भाषेत एक प्रसिद्ध म्हण आहे : ‘उमुन्तु न्गुमुन्तु न्गाबान्तु’. तीन शब्द आणि तिन्हींत ‘-न्तु’ हाच अंश. शब्दशः अर्थ असा : माणूस हा माणसांमुळे माणूस असतो. शेवटच्या शब्दातील ‘न्गा-’ हा अंश साधन किंवा कारण दाखवतो. म्हणजे आपल्या तृतीया विभक्तीचे काम तो करतो.

आता मराठीतील ‘माणुसकी’ या शब्दाचा वापर तपासा. आपण माणुसकी ‘दाखवतो’. संकटातल्याला मदत करणाऱ्याने माणुसकी दाखवली, असे म्हणतो. येथे माणुसकी दाखवणाऱ्यापाशी आधीच असते आणि तो ती दुसऱ्याच्या बाबतीत व्यक्त करतो. मदत घेणारा तिचा विषय असतो. उबुन्तुत हा क्रम फिरतो. माझे माणूसपण माझ्यापाशी साठवलेले नसून ते मला इतरांकडून मिळते. म्हणून दुसऱ्याला हीन लेखणारा मनुष्य स्वतःच्या माणूसपणाचा झराच बुजवत असतो.

या अर्थाच्या जवळ जाणारे काही मराठीतही आहे. ते ‘माणुसकी’ या नामात नसून आपल्या वाक्प्रचारांत आहे. ‘माणसात येणे’, ‘माणसातून उठणे’ हे वाक्प्रचार आठवा. या दोन्हींत ‘माणसात’ हे सप्तमीचे रूप मुळाशी आहे. माणूसपण ही माणसांच्या आत असण्याची, तेथून बाहेर पडण्याची किंवा तेथे परत येण्याची अवस्था आहे, असे ही रूपे सुचवतात. उबुन्तु समजून घ्यावयाचे असेल, तर या वाक्प्रचारांचे बोट धरणे अधिक सोयीचे.

केनियाचे धर्मतत्त्वज्ञ जॉन म्बिती यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकी धर्म व तत्त्वज्ञानावरील ग्रंथात हा विचार सूत्ररूपाने मांडला. व्यक्तीचे ‘मी आहे’ हे विधान समूहाच्या ‘आम्ही आहोत’ या विधानावर उभे असते, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) ‘उबुन्तु’ या शब्दातील भाववाचक उपसर्ग कोणता?
(आ) ‘बान्टू’ या नावाचा मूळ अर्थ काय?
(इ) ‘माणुसकी दाखवणे’ या प्रयोगात माणुसकी कोणापाशी आधीच असल्याचे गृहीत धरलेले असते?

४.२.३ एक शरीर, एक मेज

ख्रिस्ती परंपरेत सामूहिक जीवनासाठी ‘कोइनोनिया’ हा ग्रीक शब्द आहे. मराठीत त्याला ‘सहभागिता’ म्हणता येईल. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचे वर्णन येते. ते लोक एकत्र प्रार्थना करीत, एकत्र भाकर मोडीत आणि आपली मालमत्ता विकून गरजेप्रमाणे वाटून घेत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल मंडळीला शरीराची उपमा देतो. एक अवयव दुखावला, तर सर्व अवयव दुःख सोसतात, असा त्याचा आशय आहे. उबुन्तुत वाढलेल्या माणसाला ही उपमा परकी वाटण्याचे कारण नव्हते.

मात्र दक्षिण आफ्रिकेतील चर्चचा इतिहास इतका सरळ नाही. केप येथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८२९ च्या धर्मसभेने प्रभुभोजनाच्या वेळी वर्णावरून भेद करू नये, असे ठरवले होते. १८५७ च्या धर्मसभेने मात्र काहींच्या ‘दुर्बलते’चे कारण देऊन स्वतंत्र उपासनेस मुभा दिली. एकत्र बसणे हेच शास्त्रसंमत आहे, हे त्या सभेलाही मान्य होते. तरीही सवलत दिली गेली. १८८१ मध्ये गौरेतरांसाठी वेगळे मिशन चर्च स्थापन झाले. सवलतीचा नियम झाला आणि पुढे वर्णभेदाला धर्माचे समर्थन मिळाले.

त्याचा प्रतिवादही चर्चमधूनच झाला. या मिशन चर्चने तयार केलेला ‘बेल्हार कबुलीजबाब’ १९८२ मध्ये मांडला गेला आणि १९८६ मध्ये स्वीकारला गेला. ऐक्य, सलोखा व न्याय ही त्याची तीन सूत्रे होत. १९८५ च्या ‘कैरोस’ निवेदनाने याहून कठोर प्रश्न विचारला : अन्याय चालू असताना सलोख्याचा उपदेश करणे म्हणजे अन्यायाला साथ देणे नव्हे काय?

४.२.४ डेस्मंड टुटू यांची मांडणी

डेस्मंड टुटू (१९३१–२०२१) हे आरंभी शिक्षक होते. बान्टू शिक्षणपद्धतीच्या निषेधार्थ त्यांनी नोकरी सोडली व १९६१ मध्ये ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. १९८४ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९८६ मध्ये ते केपटाउनचे आर्चबिशप झाले.

टुटू यांनी दोन विचार एकमेकांत गुंफले. प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, हा बायबलचा विचार. आणि माणूस माणसांमुळे माणूस होतो, हा उबुन्तुचा विचार. पहिल्यामुळे कोणाचेही मोल वर्णावर ठरत नाही. दुसऱ्यामुळे अत्याचार करणाराही त्या अत्याचाराने माणूसपण गमावतो. म्हणून वर्णभेदाचा अंत ही गौरवर्णीयांचीही मुक्ती आहे, असे ते सांगत.

४.२.५ सत्य व सलोखा आयोग : शब्दाची कसोटी

१९९३ च्या अंतरिम संविधानाच्या समारोपात ‘उबुन्तु’ हा शब्द आला. सूड नको, समजूत हवी, हा त्या परिच्छेदाचा रोख होता. १९९५ मध्ये संविधान न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द केली, तेव्हा अनेक न्यायमूर्तींनी आपल्या मतांत उबुन्तुचा आधार घेतला. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने सत्य व सलोखा आयोग स्थापन झाला. अध्यक्ष होते टुटू.

आयोगाची पहिली सुनावणी एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन येथे झाली. साक्षीदाराला आपल्या भाषेत बोलता येत होते. दुभाषे ते बोलणे प्रथमपुरुषी अनुवादित करीत. ‘त्यांच्या पतीला मारले’ असे न म्हणता ‘माझ्या पतीला मारले’ असे त्यांना म्हणावे लागे. अत्याचार करणाऱ्याचा कबुलीजबाबही त्याच ‘मी’ने सांगावा लागे. हे काम दुभाष्यांच्या मनावर फार जड गेले. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांचे नाते ही केवळ तत्त्वज्ञानाची बाब नाही, हे येथे दिसते.

त्या सुनावणीत नोमोंडे कलाटा यांनी साक्ष दिली. त्यांचे पती फोर्ट कलाटा व अन्य तिघे कार्यकर्ते यांना जून १९८५ मध्ये सुरक्षा पोलिसांनी ठार केले होते. बोलता बोलता त्यांनी फोडलेला टाहो ऐकून कामकाज थांबवावे लागले. पुन्हा कामकाज सुरू होताना टुटू यांनी सर्वांसह एक शोकगीत गायिले. न्यायालयात असे घडत नाही. दुःखी घरी जमलेल्या मंडळीत घडते. आयोगाचे बळ यात होते.

आता मर्यादा पाहू. येथे ‘माफी’ आणि ‘क्षमा’ हे दोन शब्द वेगळे ठेवा. आयोग देत होता ती कायदेशीर माफी. कृत्य राजकीय हेतूने केले असावे आणि संपूर्ण सत्य सांगावे, या तिच्या प्रमुख अटी. पश्चात्तापाची अट नव्हती. सात हजारांहून अधिक अर्ज आले. बहुतेक फेटाळले गेले. क्षमा मात्र पीडितच करू शकत होते आणि ती मागण्याचा अधिकार आयोगालाही नव्हता. स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांसह काहींनी माफीच्या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले. १९९६ मध्ये ते फेटाळले गेले. न्याय मागणारे हे लोक उबुन्तुचे विरोधक होते काय? तसे म्हणता येणार नाही. माणूसपण परस्परांकडून मिळत असेल, तर त्याची किंमतही दोन्ही बाजूंनी मोजली पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

प्रत्यक्षात हा तोल राखला गेला नाही. पीडितांना सहा वर्षे दरवर्षी भरपाई द्यावी, अशी आयोगाची शिफारस होती. सरकारने २००३ मध्ये प्रत्येकी ३०,००० रँड एकदाच देण्याचे ठरवले. कलाटा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हत्येत गुंतलेल्या बहुतेक पोलिसांचे माफीचे अर्ज १९९९ मध्ये फेटाळले गेले, तरी पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यावर खटला उभा राहिला नाही. मे २००८ मध्ये शेजारच्या देशांतून आलेल्या स्थलांतरितांवर हल्ले होऊन ६० हून अधिक माणसे मारली गेली. ‘अबान्तु’ या शब्दात कोण कोण येते, हा प्रश्न पुन्हा उघडा पडला.

यावरून उबुन्तु हा पोकळ शब्द आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. उबुन्तु ही समाजाच्या सद्यःस्थितीचे वर्णन करणारी संज्ञा नाही. ती एक मागणी आहे. मेजावर सर्वांना जागा आहे की नाही आणि नुकसानीची भरपाई कोण करतो, या दोन ठिकाणी ती मागणी पूर्ण होते किंवा मोडते. १८५७ ची सवलत पहिल्या ठिकाणी मोडली; २००३ चा निर्णय दुसऱ्या ठिकाणी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) ‘कोइनोनिया’ या शब्दासाठी या घटकात कोणता मराठी शब्द वापरला आहे?
(आ) बेल्हार कबुलीजबाबाची तीन सूत्रे कोणती?
(इ) आयोगाच्या माफीसाठी कोणती अट नव्हती?

४.३ सारांश

‘उबुन्तु’ हे ‘-न्तु’ या अंशापासून घडलेले भाववाचक नाम आहे. मराठी ‘माणुसकी’ माणूस दाखवतो. उबुन्तु माणसाला माणसांकडून मिळते. ख्रिस्ती सहभागितेशी या कल्पनेचा मेळ बसला आणि टुटू यांच्या मांडणीतून ती सत्य व सलोखा आयोगाच्या मुळाशी आली. आयोगाने पीडितांना त्यांच्या भाषेत ऐकले, हे त्याचे मोठे कार्य. भरपाई व न्याय अपुरा राहिल्याने सलोख्याचे ओझे पीडितांवरच अधिक पडले, ही त्याची मर्यादा.

४.४ शब्दार्थ

नामवर्ग – उपसर्गावरून ओळखले जाणारे नामांचे गट
सहभागिता – एकमेकांच्या जीवनात वाटेकरी असणे
प्रभुभोजन – भाकर व द्राक्षारस यांचा ख्रिस्ती उपासनाविधी
धर्मसभा – चर्चची निर्णय घेणारी सभा

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ : (अ) उबु- (आ) माणसे (इ) ती दाखवणाऱ्यापाशी
२ : (अ) सहभागिता (आ) ऐक्य, सलोखा, न्याय (इ) पश्चात्तापाची

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘उबुन्तु’ व ‘माणुसकी’ यांतील साम्यभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘माफी’ व ‘क्षमा’ यांतील भेदाच्या आधारे सत्य व सलोखा आयोगाच्या कार्याचे मूल्यमापन करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या घरात, कामाच्या ठिकाणी किंवा गावात ‘माणूस’ हा शब्द असलेले वाक्प्रचार व म्हणी ऐकून किमान दहा नोंदी करा. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी, कोणत्या प्रसंगी वापरली ते लिहा. नंतर त्यांतील कोणत्या ‘माणुसकी’च्या जवळच्या आणि कोणत्या ‘उबुन्तु’च्या जवळच्या आहेत, ते ठरवा. संसार व नोकरी सांभाळून शिकणाऱ्या तुम्हां विद्यार्थ्यांच्या कानांवर अशी भाषा रोज पडत असते. या अभ्यासासाठी तिच्याइतके चांगले साधन दुसरे नाही.