पेढे आज वाटा, फी नंतर भरा

दहावीचा निकाल लागला की दुपारपासून घरातला फोन थांबत नाही. अभिनंदनाच्या पाठोपाठ प्रश्न येतो, "मग, सायन्सच ना?" आमच्याही घरी तसंच झालं. बार्शी तालुक्यातल्या एका गावात, मराठी माध्यमाच्या शाळेत मला ८६ टक्के पडले होते. संध्याकाळी मामा पेढे घेऊन आले आणि आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाले, "दाजी, पोरगी हुशार आहे. सायन्सला घाला, सगळ्या वाटा मोकळ्या राहतात." रात्रीच्या जेवणाआधी माझी शाखा ठरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या एका क्लासचा माणूस दारात हजर. त्याच्या हातात आमच्या वर्गातल्या मुलांची नावं, टक्के आणि पालकांचे नंबर होते. अकरावी-बारावी आणि प्रवेश परीक्षेची तयारी एकाच ठिकाणी, कॉलेज फक्त नावापुरतं, हजेरीची काळजी नको, राहायला हॉस्टेल. दोन्ही वर्षांची फी एकदम भरली तर सूट, आणि ती सूट रविवारपर्यंतच. आप्पांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि शनिवारी पैसे भरले.

दिवाळीपर्यंत माझा धीर सुटला होता. शिकवणं सगळं इंग्रजीतून. शाळेत पाठ असलेल्या गोष्टी पुस्तकात समोर असूनही ओळखू येत नव्हत्या. ज्या कॉलेजात नाव होतं, तिथली प्रयोगशाळा आम्ही परीक्षेच्या तोंडावर पाहिली. हे घरी सांगितल्यावर आप्पा माझ्याबरोबर क्लासच्या ऑफिसात आले. तिथे त्यांना पावतीची मागची बाजू दाखवली गेली : 'भरलेली फी परत मिळणार नाही.' पैसे अडकले म्हणून मीही तिथेच अडकले. बारावी जेमतेम सुटली, नंतर मी कॉमर्सला गेले आणि तिथे रमले. आज मी एका कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवते. दर वर्षी अकरावी प्रवेशाच्या मदत कक्षात बसते, तेव्हा समोरच्या खुर्चीवर मला आप्पांसारखेच वडील दिसतात, मुलाच्या भल्यासाठी वाटेल ते करायला तयार असलेले आणि चार दिवसांत सगळं उरकायच्या घाईत असलेले. हे सारं त्यांच्यासाठी लिहिते आहे.

टक्के बाजूला ठेवा, विषय वाचा

दहावीचे टक्के सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढले जातात. मुलाला ज्या विषयात सगळ्यात कमी गुण आहेत, तो विषय त्या टक्क्यांत नसतोच. माझ्या ८६ टक्क्यांत गणित नव्हतं. घरातल्या कोणीही गुणपत्रिकेची ती ओळ पाहिली नाही, कारण मोठा आकडा सगळ्यांचं समाधान करून गेला होता. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा किंवा खेळ यांचे सवलतीचे गुण मिळाले असतील, तर तेही वेगळे काढून पाहा.

दुसरं म्हणजे, आज प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी २० अंतर्गत मूल्यमापनाचे किंवा प्रात्यक्षिकाचे असतात आणि बहुतेक मुलांना ते जवळजवळ पूर्ण मिळतात. समजा गणितात ६२ गुण आहेत आणि त्यातले १९ अंतर्गत आहेत. म्हणजे लेखी परीक्षेत ८० पैकी ४३ मिळाले. विज्ञान शाखेला जायचं की नाही, हे ठरवताना या ४३ कडे पाहायचं. गुण कमी आहेत म्हणून दार बंद झालं असं मी म्हणत नाही. तिथे जास्त मेहनत लागेल हे आधी कळावं आणि ती मेहनत मुलाला मनापासून हवी असावी, एवढंच म्हणते.

पुस्तक उघडून बघा

बालभारतीची अकरावीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. फॉर्म भरण्याआधी भौतिकशास्त्र, पुस्तपालन आणि इतिहास यांतला एकेक धडा मुलाला स्वतः वाचू द्या. कुठे वेळेचं भान राहत नाही आणि कुठे दुसऱ्या पानावर डोळे मिटायला लागतात, हे त्याचं त्यालाच कळेल. मराठी माध्यमाच्या मुलांनी विज्ञानाचा धडा इंग्रजीतूनच वाचावा. अवघड गेला तर घाबरू नये, पण निकाल ते कॉलेज सुरू होणं यांतले आठवडे रोज थोडं इंग्रजी वाचण्यात घालवावेत. माझं निम्मं ओझं एवढ्यानेच हलकं झालं असतं.

दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला जाता येतं. तीन वर्षांचा डिप्लोमा झाल्यावर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे. हाताने काम करण्यात ज्याला गोडी आहे, त्याच्यासाठी आयटीआय आहे. या वाटांची चौकशी निकालाच्या आठवड्यातच करा, कारण त्यांच्या प्रवेशाच्या तारखा वेगळ्या असतात.

पैसे आणि पसंतीक्रम

निकालानंतरचे आठ दिवस कोणत्याही क्लासला एक रुपयाही देऊ नका. 'आजचा दिवसच सूट' असं म्हणणाऱ्याला 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणा. फी हप्त्यांनी भरा, प्रत्येक हप्त्याची पावती घ्या, पावतीच्या दोन्ही बाजू वाचा. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थी मध्येच बाहेर पडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, हॉस्टेलचे पैसेही त्याच हिशेबाने द्यावेत, असं त्यात म्हटलं आहे. हे कलम क्लासच्या माणसाला दाखवा आणि तो ते लेखी मान्य करतो का, ते पाहा. कॉलेजला न जाता बारावी करून देतो असं कोणी सांगितलं, तर प्रात्यक्षिकं कुठे आणि कोण घेणार, हे विचारा.

२०२५ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होतात. फॉर्ममध्ये दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमाने भरता येतात. २०२५ च्या नियमानुसार पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. म्हणून पहिलं नाव लिहिण्याआधी एसटीचं वेळापत्रक बघा, तिथे हवी ती शाखा आणि हवे ते विषय आहेत का, याची खात्री करा. सायबर कॅफेवाल्याच्या हाती फॉर्म सोपवून घरी येऊ नका, त्याच्या शेजारी बसा.

ज्यांचा निकाल मनासारखा नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. एखाद्या विषयाचे गुण पटत नसतील तर मंडळाकडे गुणपडताळणीसाठी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत अर्ज करावा लागतो. छायाप्रत त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवूनच अर्ज करा. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश मिळतो. फेरपरीक्षाही लगेच, जून-जुलैमध्ये होते, त्यामुळे वर्ष वाया जातंच असं नाही.

२०२५ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. एवढी मुलं पास होतात तेव्हा मागे राहिलेलं मूल फार एकटं पडतं. त्या दिवशी त्याला एकटं सोडू नका. शेजारच्या मुलाचे टक्के घरात काढू नका. नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, त्याच्या हाती देऊ नका. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, निरवानिरवीचं बोलत असेल, तर वाट पाहू नका. टेली-मानस या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतून बोलता येतं. हा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा.

आणि मुलांनो, एक तुमच्यासाठी. घरातली मोठी माणसं प्रेमापोटीच बोलत असतात, पण दोन वर्षं रोज सकाळी उठून तो विषय तुम्हाला शिकायचा आहे. नको असेल तर आत्ताच सांगा, आईवडिलांना तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी लिहून द्या, नाहीतर वर्गशिक्षकांना मध्ये घ्या. फी भरण्याआधी सांगितलेलं घर ऐकून घेतं. फी भरल्यावर तेच सांगणं किती जड जातं, ते मी पाहिलं आहे.