भाषेची पायरी : 'हाफ गर्लफ्रेंड' या कादंबरीचा परिचय

प्रस्तावना

माणूस बोलू लागला, की ऐकणारा त्याच्या शब्दांचा अर्थ तर लावतोच. पण त्याचबरोबर त्याचे गाव, घर, शिक्षण आणि ऐपत यांचाही अंदाज बांधतो. हा अंदाज पुष्कळदा चुकीचा असतो, तरीही त्यावरून माणसाची किंमत ठरवली जाते. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' (1975) या नाटकात फुले विकणाऱ्या मंजुळेची बोली हाच चेष्टेचा आणि प्रयोगाचा विषय होतो. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वर आधारलेल्या या नाटकातील संघर्ष एकाच भाषेच्या दोन रूपांतील आहे. बोली आणि प्रादेशिक भाषा यांच्या डोक्यावर इंग्रजी उभी असेल, तर काय घडते? प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार एका लोकप्रिय कादंबरीच्या आधारे केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला
• भाषा आणि सामाजिक वर्ग यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• कादंबरीतील पात्रांच्या वागण्यामागील कारणे सांगता येतील;
• लोकप्रिय साहित्यकृतीचे गुण व मर्यादा यांविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

कथानकाचा परिचय

चेतन भगत यांची 'हाफ गर्लफ्रेंड' ही इंग्रजी कादंबरी 2014 साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक माधव झा बिहारमधील डुमराव या गावचा. बास्केटबॉलमधील प्रावीण्यामुळे त्याला दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात प्रवेश मिळतो. 1881 मध्ये स्थापन झालेल्या या नामांकित महाविद्यालयात इंग्रजी सहजपणे बोलणाऱ्यांचा वावर मोठा. प्रवेशाच्या मुलाखतीतच माधव इंग्रजीपुढे अडखळतो. पुढे बास्केटबॉलच्या मैदानावर त्याची रिया सोमाणी या श्रीमंत घरातील मुलीशी ओळख होते. मैदानावर दोघेही बरोबरीचे असतात. मैदानाबाहेर मात्र तिचे घर, तिचे मित्र आणि तिची भाषा यांच्यासमोर तो संकोचतो. त्याला प्रेमाची स्पष्ट कबुली हवी असते; रिया मैत्री आणि प्रेम यांच्या मधले नाते देऊ करते. कादंबरीचे शीर्षक या अपुऱ्या नात्यातून आले आहे.

माधव तिच्या इच्छेचा मान न राखता जवळिकीचा हट्ट धरतो आणि नाते तुटते. रियाचा विवाह अन्यत्र होतो. शिक्षण संपल्यावर माधव गावी परततो आणि आईच्या शाळेत काम करू लागतो. स्वच्छतागृह नसल्यामुळे त्या शाळेत मुली येत नाहीत. बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाकडून शाळेसाठी मदत मिळण्याची शक्यता निर्माण होते. परंतु त्यासाठी माधवला इंग्रजीत भाषण करावे लागणार असते. पाटण्यात त्याची रियाशी पुन्हा भेट होते आणि तीच त्याची तयारी करून घेते. पुढे ती पुन्हा दूर जाते व माधव तिच्या शोधात न्यूयॉर्कपर्यंत पोहोचतो.

आकलन

या कादंबरीत भाषांची एक उतरंड दिसते. डुमरावच्या परिसरात भोजपुरी बोलली जाते. दिल्लीत आल्यावर माधवची हिंदीसुद्धा 'बिहारी' ठरते, आणि हिंदीच्याही वर इंग्रजी असते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत 2003 च्या घटनादुरुस्तीने मैथिलीसह चार भाषांचा समावेश झाला व एकूण संख्या 22 झाली. त्या चारांत भोजपुरी नव्हती. भाषेला मिळणारी प्रतिष्ठा भाषकांच्या संख्येवर ठरत नाही, हे यावरून लक्षात येते.

विशेष म्हणजे माधव गरीब नाही. तो डुमरावच्या जुन्या राजघराण्यातील आहे. गावात ज्याला मान मिळतो, तोच दिल्लीत खाली मान घालतो. वर्ग केवळ पैशाने ठरत नाही, हे लेखकाने येथे नेमके दाखवले आहे. परंतु ज्या मुलाजवळ राजघराण्याचे नावही नाही आणि खेळातील प्रावीण्यही नाही, त्याचे काय होत असेल, याचा विचार वाचकालाच करावा लागतो.

हा प्रश्न केवळ कल्पनेतील नाही. 2014 च्या उन्हाळ्यात, ही कादंबरी बाजारात येण्यापूर्वी काही महिने, दिल्लीच्या मुखर्जी नगर भागात नागरी सेवा परीक्षेच्या उमेदवारांनी आंदोलन केले. पूर्वपरीक्षेतील कल चाचणीमुळे इंग्रजीतून न शिकलेल्यांवर अन्याय होतो, अशी त्यांची तक्रार होती. त्या वर्षी चाचणीतील इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्ता यादीसाठी न धरण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला आणि 2015 पासून ती संपूर्ण चाचणी केवळ पात्रतेपुरती राहिली. मुखर्जी नगर आणि सेंट स्टीफन्स यांच्यातील अंतर थोड्याच किलोमीटरांचे आहे. भाषेने घातलेले अंतर मात्र फार मोठे आहे.

कादंबरीच्या मर्यादाही पाहायला हव्यात. इंग्रजी न येणाऱ्याची व्यथा सांगणारे हे पुस्तक स्वतः इंग्रजीत आहे. अर्थात, ती इंग्रजी नवशिक्या वाचकालाही झेपेल इतकी साधी आहे. शाळेला मदत मिळते, तीही नायकाच्या इंग्रजी भाषणानंतर. म्हणजे उतरंड मोडत नाही, नायक फक्त एक पायरी वर चढतो. शिवाय, भाषेमुळे झालेला अपमान हे रियाच्या नकाराचा अनादर करण्याचे समर्थन होऊ शकत नाही. ज्याला स्वतःचा सन्मान हवा, त्याने दुसऱ्याच्या सन्मानाचीही जाण ठेवली पाहिजे.

इंग्रजी जरूर शिकावी. तिच्यामुळे ज्ञानाची व रोजगाराची दारे उघडतात. परंतु ती येत नाही म्हणून कोणी कमी ठरत नाही आणि ती आली म्हणून घरची भाषा टाकावी लागत नाही.

आपण काय शिकलो?

• बोलण्याच्या पद्धतीवरून माणसाची योग्यता ठरवणे अन्यायकारक आहे.
• सामाजिक वर्ग पैसा, घराणे, शिक्षण आणि भाषा अशा अनेक गोष्टींनी घडतो.
• लोकप्रिय कादंबरीही गंभीर प्रश्न मांडू शकते. तिचे वाचन मात्र डोळसपणे करावे.

स्वाध्याय

1. मैदानावर बरोबरीचा असणारा माधव मैदानाबाहेर का संकोचतो? 
2. 'उतरंड मोडत नाही, नायक फक्त एक पायरी वर चढतो', या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
3. मंजुळा आणि माधव यांच्या परिस्थितीतील एक साम्य व एक भेद लिहा.
4. आपल्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेतील असे पाच शब्द लिहा, जे आपण बाहेर वापरत नाही. त्याचे कारण आठ-दहा वाक्यांत सांगा.