घरी बांधलेल्या मोटारगाडीतील बिघाड : शोधाची रीत

बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवर उमेदवारी केलेला जाणता जॉबर बंद पडलेला माग पाहताच पाना हाती घेत नाही. माग थांबण्यापूर्वी आवाज कसा होता, पट्टा घसरला की धागा तुटला, हे तो आधी विचारून घेतो. घरी बांधलेल्या मोटारगाडीस तर ही शिस्त अधिकच आवश्यक होय. कारखान्यातून आलेल्या गाडीसोबत माहितीपुस्तिका असते. घरच्या गाडीचे इंजिन एका वाहनाचे, चाके दुसऱ्याची, आणि तारांचा नकाशा केवळ बांधणाऱ्याच्या डोक्यात! तो नकाशा कागदावर उतरवून गाडीतच ठेवणे ही दुरुस्तीची पहिली पायरी समजावी.

अशा कारागिरीला कमी लेखण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी जुन्या सामानातून बांधलेली छोटी चारचाकी २०२१ च्या डिसेंबरात देशभर गाजली. दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून ती सुरू होत असे. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबास मिळाली.

अशा गाड्यांतील विजेच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा अर्थच्या जोडणीत असते. पत्र्याच्या गाडीत विजेचा परतीचा मार्ग सांगाड्यातूनच जातो. परंतु फायबरच्या किंवा लाकडी अंगाच्या गाडीत तो मार्गच नसतो. प्रत्येक दिव्यास परतीची वेगळी तार द्यावी लागते. ब्रेक दाबला असता मागील दिवा मंद पेटतो आणि त्याच वेळी वळणाचा दिवाही मिणमिणू लागतो, असे दिसल्यास बल्ब बदलण्यात पैसे घालवू नयेत. रंगावर आवळलेला बोल्ट काढावा, खालचा धातू खरवडून चकचकीत करावा व पुन्हा घट्ट बसवावा.

स्टार्टर फिरत नसेल तर पुढील दिवे लावून चावी फिरवावी. दिवे एकदम विझत आले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टोके सैल अथवा गंजलेली आहेत. दिवे तसेच प्रखर राहिले तर दोष स्टार्टरच्या स्विचकडील वाटेवर शोधावा. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता हा आकडा साधारणतः १३.८ ते १४.४ दरम्यान असावा. तो वाढला नाही तर बॅटरी भरली जात नाही, असे समजावे. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक व इंजिनाचा ठोकळा यांमध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थची तार अपुरी किंवा सैल आहे.

फ्यूज वारंवार जळतो म्हणून त्या जागी तांब्याची तार बसविण्याची सवय अत्यंत घातक आहे. मग फ्यूजऐवजी गाडीतील तार जळते, आणि शेजारी इंधनाची नळी असते.

पेट्रोलचे इंजिन सुरू होत नसेल तर इंधन, ठिणगी व दाब या तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात. एका वेळी एकच वस्तू बदलावी. तीन बदलल्या तर गाडी सुरू होईलही, परंतु दोष कोठे होता ते कळणार नाही. डिझेल इंजिनास ठिणगी नसते. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली असल्यास नळीत शिरलेली हवा आधी काढावी. फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे.

शेतपंपाचे इंजिन गाड्यावर बसविणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. विहिरीवर त्या इंजिनास पंपाचेच ताजे, थंड पाणी मिळत असते. गाड्यावर तेच इंजिन एका पिंपातील पाण्यावर चालते, आणि तापीकाठच्या वैशाखात केळीचे घड भरून चढ चढताना ते पाणी उकळू लागते. तापलेले झाकण उघडू नये. इंजिन थंड होऊ द्यावे व मगच पाणी घालावे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र प्रयोग नको. पायाखालची पट्टी मऊ लागली तर तेलात हवा शिरली आहे. ती हळूहळू खाली बसत गेली तर तेल कोठेतरी गळते आहे किंवा मास्टर सिलिंडरातील रबर खराब झाले आहे. गाडी एका बाजूस ओढली तर एका चाकाचा ब्रेक कमी धरतो. नव्या बांधणीत जोड बसत जातात, म्हणून पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाके, स्टिअरिंग व इंजिनाचे बोल्ट पुन्हा तपासावेत. आवळलेल्या नटावरून बोल्टावर रंगाची एक रेघ ओढून ठेवली की तो सैल झाल्याचे दुरूनही दिसते.

हा सर्व खटाटोप शेतात वा आवारात चालवावयाच्या गाडीसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘जुगाड’ हे कायद्याच्या व्याख्येनुसार मोटार वाहनच असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे नोंदणी, योग्यतेचा दाखला व विमा यांवाचून ते सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. जत्रेला निघालेली पोरेबाळे अशा गाड्यावर बसविण्यापूर्वी, तो उलटल्यास औषधपाण्याचा खर्च कोण देणार, हे घरच्या कर्त्याने स्वतःस विचारावे. बांधणी सुरू करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी केलेली बरी. पुढे सांगाडा कापून बदलण्यापेक्षा ती फेरी स्वस्त पडते.