होडीचं शीड बदलताना : बांबूच्या काड्यांचं चिनी शीड आणि आपला वर्ग



वाहतुकीची साधने हा घटक शिकवताना आपण होडी, गलबत, जहाज असं चित्र दाखवून पुढं जातो. माहूरच्या लेकरांनी समुद्र पाहिलेला नसतो. पैनगंगेला आलेला पूर पाहिलेला असतो, त्यामुळं पाण्याचा जोर त्यांना कळतो. वाऱ्यावर होडी चालते कशी, आणि वादळात माणूस तिला सांभाळतो कसा, हे मात्र पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही. म्हणून आज एका लहान होडीचं शीड बदलण्याची गोष्ट घेऊ. चौथी-पाचवीला विज्ञान, भूगोल आणि थोडं गणित एकत्र शिकवता येईल.

आधी शब्द समजून घेऊ

शीड म्हणजे वारा अडवणारं कापड. डोलकाठी म्हणजे ते ज्यावर चढवतात तो उंच खांब. सुकाणू म्हणजे होडीला दिशा देणारी मागची फळी. चिनी जहाजांना इंग्रजीत 'जंक' म्हणतात. मुलं लगेच 'जंक फूड' आठवून हसतील, हसू द्या. या शब्दाचा भंगाराशी काही संबंध नाही. मलय भाषेतला 'जोंग' हा शब्द पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेला आणि त्याचं 'जंक' झालं.

अडचण काय होती?

साध्या शिडाच्या होडीत वारा वाढला की शीड लहान करावं लागतं. नाही केलं तर होडी कलते, डोलकाठीवर ताण येतो. पण शीड लहान करायला माणसाला बऱ्याचदा उघड्यावर, हलत्या होडीच्या पुढच्या भागात जावं लागतं. लाटा अंगावर येतात, हात ओले, पाय घसरतो. होडीत चार माणसं असतील तर एक जण पडलेल्याला ओढून घेईल. एकटाच असेल तर? पडला की होडी त्याला सोडून पुढं निघून जाते. म्हणजे इथं प्रश्न जिवाचा आहे.

हॅस्लर यांची 'जेस्टर'

ब्रिटिश मरीन दलातले निवृत्त अधिकारी ब्लाँडी हॅस्लर यांनी हाच प्रश्न घेतला. त्यांची 'जेस्टर' नावाची होडी फक्त 25 फूट लांब होती, म्हणजे सुमारे 7.6 मीटर. वर्गात टेपनं मोजून दाखवा. एवढ्याशा होडीवर त्यांनी चिनी पद्धतीचं एकच शीड बसवलं. 1960 साली इंग्लंडमधल्या प्लिमथहून न्यूयॉर्कपर्यंत एकट्यानं अटलांटिक पार करण्याची पहिली शर्यत झाली. पाच जण उतरले. फ्रान्सिस चिचेस्टर 40 दिवसांत पोहोचून पहिले आले, हॅस्लर 48 दिवसांत दुसरे.

8 दिवसांचा फरक पाहून मुलं म्हणतील, "मग चिनी शीड हळूच की!" इथं थांबा. चिचेस्टर यांची होडी सुमारे 40 फुटांची होती. लांब होडी साधारणपणे जास्त वेगानं जाते. शिवाय दोघांचे मार्गही वेगळे होते. दोन गोष्टींची तुलना करताना बाकी सगळं सारखं आहे का, हे आधी बघायचं असतं. आपल्या वर्गातल्या गुणांच्या तुलनेलाही हे लागू पडतं.

बदल नेमका कसा करतात?

1. डोलकाठीची जागा. जुन्या होडीत दोन शिडं असतात, एक डोलकाठीच्या पुढं, एक मागं. दोघांचा मिळून जोर होडीच्या साधारण मध्यावर येतो. नवीन शीड एकच, आणि त्याचा बराचसा भाग डोलकाठीच्या मागं. म्हणून डोलकाठी पुढं सरकवावी लागते, म्हणजे जोर पुन्हा जुन्याच जागी येतो. तो फार मागं राहिला तर होडीचं तोंड सारखं वाऱ्याकडं वळतं आणि सुकाणू धरून हात दुखतात.

2. डोलकाठी रोवणे. विजेच्या खांबाला ताणाची तार असते ती मुलांनी पाहिलेली आहे. जुन्या डोलकाठीला तशा तारा असतात. शाळेच्या ध्वजस्तंभाला मात्र ताण नसतो, तो खाली पक्का रोवलेला असतो. चिनी शिडाची डोलकाठी बहुधा ध्वजस्तंभासारखी असते. ती वरच्या फळ्यांतून आत जाऊन थेट तळाशी बसते. सगळ्यात जास्त वाक जिथं ती फळ्यांतून बाहेर पडते तिथं येतो, म्हणून ती जागा मजबूत करतात आणि पाणी आत येऊ नये म्हणून बंद करतात.

3. आडव्या काठ्या. शिडाला वरपासून खालपर्यंत ठरावीक अंतरावर आडव्या काठ्या लावतात. चीनमध्ये त्या बांबूच्या असत, आता ॲल्युमिनियमच्या नळ्याही वापरतात. काठ्यांमुळं कापडाचे पट्टे पडतात. ताण सगळीकडं वाटला जातो, म्हणून फार भारी कापड लागत नाही. एक पट्टा फाटला तरी बाकीचे काम करतात.

4. दोऱ्या. एक दोरी शीड वर ओढते. काठ्यांच्या मागच्या टोकांच्या दोऱ्या एकत्र येऊन एका दोरीनं शीड आत-बाहेर होतं. आणखी काही दोऱ्या शिडाच्या दोन्ही बाजूंनी झोळीसारख्या असतात.

आता वारा वाढला तर काय करायचं? वर ओढणारी दोरी सैल सोडायची. शीड आपल्या वजनानं खाली येतं, एकेक पट्टा झोळीत घडी होऊन बसतो. जेस्टरमध्ये ही कामं आतूनच, एका गोल झरोक्यात उभं राहून करता येत. उघड्यावर पुढं जायची गरज उरली नाही.

तोटाही सांगा

सपाट चिनी शीड वाऱ्याच्या तोंडाकडं जाताना कमी पडतं. म्हणून आता काही जण प्रत्येक पट्ट्याला थोडी फुगवटी देऊन शिवतात. हे शीड म्हणजे जादूही नाही. 1964 पासून माइक रिची यांनी जेस्टर चालवली, आणि 1988 साली ती अटलांटिकमध्येच गमावली. समुद्र शेवटी समुद्र आहे.

आपल्याकडचं उदाहरण

2018 साली भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी 'थुरिया' या गोव्यात बांधलेल्या होडीतून एकट्यानं जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. हिंदी महासागरात वादळानं डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजानं त्यांना वाचवलं. त्यांच्या होडीचं शीड चिनी नव्हतं, आणि असतं तर काय झालं असतं हे कुणी सांगू शकत नाही. पण एकट्या माणसासाठी डोलकाठी आणि शीड म्हणजे काय, हे मुलांना यातून कळतं. पुढच्या शर्यतीत, 2023 साली, ते दुसरे आले हेही जरूर सांगा.

वर्गातली कृती

साहित्य : पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या (आडव्या कापलेल्या), चिकणमाती, सरळ काड्या, जुन्या छत्रीचं कापड, खराट्याचे हीर, दोरा, मोठी परात.

दोन सारख्या होड्या करा. मातीत काडी रोवा. एकीला नुसतं कापड, दुसरीला तेवढंच कापड पण चार हीर आडवे शिवलेलं. सुपानं वारा घाला. पाण्याजवळ विजेचा पंखा अजिबात नको. मुलांनी तीन गोष्टी वहीत लिहायच्या : कोणतं कापड जास्त फडफडलं? कोणती होडी जास्त कलली? शीड अर्धं करायला कुणाला किती वेळ लागला? मग हीर लावलेल्या होडीची काडी पुढं-मागं रोवून तोंड कुठं वळतं ते बघा. उत्तर आधी सांगू नका.

पालकांसाठी : हा खेळ घरी परातीतच खेळा. होडी सोडायला लेकरं एकटी नदीवर किंवा तळ्यावर जाणार नाहीत, एवढं बघा.

शेवटी मुलांना एक प्रश्न द्या : तुम्हाला एकट्यानं लांब जायचं असेल, तर वेगानं जाणारी होडी घ्याल की सहज आवरता येणारी? का? दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. आपल्याला कारण तपासायचं आहे.